स्प्रे गन सगळ्यात शेवटी विकत घ्या



घरच्या घरी देवघर, चौरंग, टीपॉय, शू-रॅक, लहान मुलांच्या खुर्च्या बनवून विकायचं ठरवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "सर, स्प्रे गन कोणती घेऊ?" प्रश्न साधा आहे आणि त्यामागची अडचणही खरी आहे. सुतारकाम जमलं, सांधे घट्ट बसले, पण फिनिशिंग ब्रशने केलं की केसांच्या रेघा दिसतात. गिऱ्हाईक हात फिरवून बघतं आणि म्हणतं, "दुकानातल्यासारखं गुळगुळीत नाही हो." मग माणूस मोबाइल उघडतो, चार रील बघतो आणि रात्री अकरा वाजता ऑर्डर टाकून मोकळा होतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. गन हा या खरेदीतला शेवटचा निर्णय आहे. आधी जागा, मग फिनिशचं मटेरियल, मग हवा आणि सगळ्यात शेवटी गन, या क्रमाने गेलात तर पैसे वाचतील आणि घरातल्या माणसांची छातीसुद्धा. क्रम उलटा झाला की आधी गन येते, ती चालत नाही म्हणून मोठा कंप्रेसर येतो, मग घरात वास मावत नाही आणि शेवटी सगळं सामान माळ्यावर जातं. भांडवल तिथेच अडकतं.

पहिला प्रश्न: फवारणार कुठे?

स्प्रे गनचा एक जुना किस्सा आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावात ॲलन डीव्हिल्बिस नावाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात खोलवर औषध पोचावं म्हणून त्यांनी 1880 च्या दशकात एक फवारणी-यंत्र बनवलं. पुढे त्यांच्या मुलाने, थॉमस डीव्हिल्बिसने, 1907 च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची गन आणली. म्हणजे या यंत्राचा पूर्वज औषध माणसाच्या घशात उतरवण्यासाठीच जन्माला आला होता. आपण फवारतो ते सीलर आणि लॅकरही तितक्याच सहज आत जातं, ही गोष्ट विसरू नका.

लाकडावर न बसता हवेत उरलेल्या तुषारांना ओव्हरस्प्रे म्हणतात. तो भिंतीवर, पडद्यावर, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. सोबत थिनरची वाफ असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगी शोधत फिरते. एनसी थिनरमध्ये सर्रास असणाऱ्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट साधारण 4 अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेसुद्धा त्याहून गरम असतं. म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ वर्षभर तयार. ठिणगीसाठी घरात काय काय आहे ते मोजा: गॅसची शेगडी, फ्रिज, साधा एक्झॉस्ट फॅन, स्विच, देवघरातलं निरांजन.

म्हणून नियम करा. बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत किंवा बंद खोलीत थिनरवर चालणारं कुठलंही फिनिश फवारायचं नाही. "थोडंच मारतो", "खिडकी उघडी ठेवतो" हेही नको. गावाकडे मोकळं अंगण असेल, तीन बाजूंनी उघडी पडवी असेल, शेड असेल, तर विचार करता येतो. तिथेही मुलं, म्हातारी माणसं, गाई-गुरं आणि चूल लांब हवीत. भाड्याचा गाळा घेणार असाल तर करारात कामाचं स्वरूप लिहून घ्या, नंतर शेजारी तक्रार करतात.

दुसरा प्रश्न: फवारणार काय?

बाजारात लाकडासाठी मुख्यतः चार प्रकार मिळतात.

एनसी लॅकर लवकर सुकतं, मारायला सोपं, चूक झाली तर दुरुस्तीही सोपी. पण ते पेट पटकन घेतं आणि दमट हवेत दुधाळ पांढरं पडतं. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे हा अनुभव कुठल्याही पॉलिशवाल्याला विचारा.

मेलामाइन त्याहून टणक. दोन डबे एकत्र करून मारायचं. सुकताना त्यातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, डोळे चुरचुरतात, घसा धरतो.

पीयू दिसायला राजा. काचेसारखी चमक, पाण्याला दाद देत नाही. पण नेहमीच्या दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होऊ शकतो आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास उफाळतो. घातक भाग असा की त्याचा वास पुरेशी सूचना देत नाही. वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ, असा हिशोब इथे चालत नाही. अशा कामासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि नीट बांधलेला स्प्रे बूथ लागतो. घरगुती उद्योगात हे दोन्ही नसतात. म्हणून दोन डब्यांचं पीयू घरी फवारू नका. गिऱ्हाईक पीयूच मागत असेल तर बूथ असलेल्या कारखान्याकडून जॉबवर्कवर करून घ्या आणि तो खर्च तुमच्या कोटेशनमध्ये धरा. मोठमोठे फर्निचरवालेसुद्धा कितीतरी कामं बाहेरून करून घेतात, त्यात कमीपणा काहीच नाही.

चौथा प्रकार पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक किंवा वॉटर-बेस्ड पीयू. वास कमी, आगीचा धोका जवळजवळ नाही, गन पाण्याने धुता येते. तोटेही आहेत. किंमत जास्त, पहिल्या हाताला लाकडाचे रेशे उभे राहतात म्हणून पुन्हा हलका पॉलिश पेपर मारावा लागतो आणि ओल्या हवेत सुकायला वेळ लागतो. तरीही घरून सुरुवात करणाऱ्याला माझी शिफारस यालाच आहे. फक्त एक सावधगिरी: वास कमी आहे म्हणून मास्क काढायचा नाही, कारण तुषार फुप्फुसात जातातच.

दुकानदाराकडे डबा मागताना त्या मटेरियलची टेक्निकल डेटा शीट आणि सेफ्टी डेटा शीट मागा. किती पातळ करायचं, कोणता नोझल, किती दाब, दोन हातांमध्ये किती वेळ, हे सगळं त्यात असतं. ती दोन पानं न वाचता गन घेणं म्हणजे माप न घेता पँट शिवणं.

तिसरा प्रश्न: हवा कुठून येणार?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. जाहिरातीत दाब सांगतात, "120 पीएसआय!" दाब तर सायकलच्या पंपातही मिळतो. गनला सतत किती हवा मिळते ते महत्त्वाचं, आणि ते सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट.

एचव्हीएलपी गन, म्हणजे हवा भरपूर आणि दाब कमी, हिला साधारण 8 ते 14 सीएफएम लागते. एलव्हीएलपी गन, म्हणजे हवाही कमी आणि दाबही कमी, ही साधारण 3 ते 6 मध्ये भागवते. पिस्टन कंप्रेसर एका एचपीमागे ढोबळमानाने 3 ते 4 सीएफएम देतो. आता गणित तुम्हीच करा. घरच्या सिंगल फेजवर चालणाऱ्या 2 एचपीच्या कंप्रेसरला मोठी एचव्हीएलपी गन लावली तर कपाटाचं अर्धं दार होईपर्यंत दाब पडतो, तुषार जाड होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. मग आपण म्हणतो गन खराब आहे. गन बरी असते, तिला श्वास पुरत नाही.

दोन गोष्टी दुकानातच विचारा. पाटीवर लिहिलेला सीएफएम हा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा आहे की प्रत्यक्ष बाहेर किती मिळते त्याचा? दुसरा आकडा नेहमी कमी असतो आणि आपल्या कामाचा तोच. आणि टाकी किती लिटरची? टाकी हवा बनवत नाही, फक्त साठवते. मोठी टाकी थोडी उसंत देते, इतकंच.

कंप्रेसरसोबत मॉइश्चर फिल्टर आणि रेग्युलेटर घ्याच. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. ते थेंब फिनिशवर पडले की डाग कायमचा. रोज काम संपल्यावर टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढायचं. पाइप गरजेपेक्षा लांब आणि बारीक घेऊ नका, दाब वाटेतच मरतो.

आता गन

या टप्प्याला आलात की निवड जवळजवळ आपोआप होते.

हातात धरायची इलेक्ट्रिक गन, जिच्यात मोटर आतच असते, ती स्वस्त आणि सोपी. कंप्रेसर नको, पाइप नको. गेट, कुंपण, प्रायमर, पाण्यावरचा रंग यासाठी ठीक. पण तिचे तुषार जाड असतात, काचेसारख्या पारदर्शक फिनिशची अपेक्षा करू नका. आणि यातल्या बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकेत ज्वलनशील द्रव फवारू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मोटर हातात आणि थिनरची वाफ भोवती, हा खेळ नको.

वेगळ्या टर्बाइनचं एचव्हीएलपी यंत्र चांगलं काम देतं, कंप्रेसरही लागत नाही. पण चांगलं यंत्र महाग पडतं आणि त्याची हवा गरम येते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तुषार लाकडावर पोचायच्या आधीच सुकायला लागतात आणि हात फिरवला की खरखरीत लागतं.

एअरलेस यंत्र भिंती आणि मोठ्या शेडसाठी. त्यात दाब हजार पीएसआयच्या वर असतो, नोझलसमोर बोट आलं तर रंग कातडीच्या आत शिरतो आणि थेट ऑपरेशनची वेळ येते. टीपॉयसाठी ते आणणं म्हणजे मच्छर मारायला तोफ.

उरली कंप्रेसरवरची गन. तिच्यात कप खाली असलेली आणि कप वर असलेली, असे दोन प्रकार. खालच्या कपात मटेरियल जास्त मावतं, पण तळाला थोडं उरतंच. वरच्या कपातून ते स्वतःच्या वजनाने उतरतं, कमी दाबात चालतं, लहान कामात नासाडी कमी. घरगुती उद्योगाला वरच्या कपाची एलव्हीएलपी गन, नोझल 1.3 किंवा 1.4 मिलिमीटर, ही माझी निवड. जाड सीलर किंवा प्रायमर मारायचा असेल तर 1.7-1.8 चा नोझल संच वेगळा घ्या. पाण्यावरचं फिनिश वापरणार असाल तर सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलचेच हवेत, नाहीतर गंज धरेल. वायसर, सुई, एअर कॅप हे सुटे भाग तुमच्या तालुक्याच्या गावात मिळतात का, हे घेण्याआधी विचारा. सुटा भाग मिळत नसेल तर स्वस्त गनसुद्धा महाग पडते.

पण मिस्त्री तर साध्या गनने करतात!

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो खोटा नाही. अनुभवी पॉलिश मिस्त्री छोटासा कंप्रेसर आणि साधी खालच्या कपाची गन घेऊन असं काम करतो की बघत राहावं. त्याच्या हाताचा मला आदर आहे. पण त्याच्या हातात वीस वर्षं आहेत. किती अंतर, किती वेग, मनगट कुठे वळवायचं, कुठे ट्रिगर सोडायचा, हे त्याच्या अंगात मुरलंय. तुम्ही आज सुरू करताय.

दुसरं, पैशाचं गणित. जुन्या पद्धतीच्या जास्त दाबाच्या गनमध्ये फवारलेल्या मालापैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त लाकडावर बसतो. कमी दाबाच्या चांगल्या गनमध्ये 65 टक्क्यांच्या आसपास बसू शकतो. समजा तुम्हाला महिन्याला साडेसहा लिटर माल लाकडावर हवाय. 65 टक्क्यांच्या गनने 10 लिटर लागेल. 35 टक्क्यांच्या गनने साडेअठरा लिटर. उरलेला साडेआठ लिटर माल तुम्ही हवेत उडवला. लिटरला 300 रुपये धरले तर महिन्याला 2,550 रुपये. स्वस्त गनचा हा हप्ता तुम्ही दर महिन्याला भरत राहता आणि त्याची पावती कुठे मिळत नाही.

तिसरं, त्या मिस्त्रीच्या छातीचा हिशोब कोणी ठेवलाय का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याच्या व्यवसायातला संपर्क आणि लाकडाची धूळ, दोन्हींना माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलंय. तोंडाला रुमाल बांधून यातलं काहीच अडत नाही. थिनरच्या वाफेसाठी ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि पुढे तुषार अडवणारा फिल्टर असलेला मास्क लागतो. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढी वाढलेली असेल तर बसत नाही. कार्ट्रिज मुदतीत बदलायची. हा मास्क मी गनच्या आधीच्या यादीत टाकतो. बजेट कमी पडलं तर गन पुढच्या महिन्यात घ्या, मास्क याच महिन्यात.

गन नसली तरी धंदा सुरू होतो

पहिल्या आठ-दहा ऑर्डरला गन लागतेच असं नाही. लाखेच्या चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या गोळ्याने केलेलं फ्रेंच पॉलिश आजही देखणं दिसतं, फक्त पाणी आणि गरम कप यांच्यापासून जपावं लागतं. स्पिरिटही पेट घेतं, तेव्हा विस्तवापासून लांबच. तेलाचं फिनिशही कापडाने होतं. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकते. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सपाट टीपॉय, पाट, चौरंग हे हाताने छान होतात. नक्षीचं देवघर, जाळी, गजांचा पाळणा इथे मात्र ब्रश कोपऱ्यात साचतो, ओघळ येतात, वेळ तिप्पट जातो. तुमच्या ऑर्डरमध्ये असं काम वाढायला लागलं की गनची वेळ आली असं समजा. धंद्याने गन मागितली पाहिजे, रीलने नाही.

एक हंगामाची गोष्ट. गणपतीच्या चौरंगांची आणि मखरांची मागणी नेमकी श्रावण-भाद्रपदात येते, जेव्हा हवा सगळ्यात ओली असते. एनसी पांढरं पडतं, पाण्यावरचं सुकत नाही. त्यामुळे सुकण्याचे दिवस जास्त धरूनच डिलिव्हरीची तारीख द्या, किंवा साचा ठरलेला माल मे महिन्यातच फिनिश करून ठेवा. गन कितीही भारी असली तरी पावसाशी भांडू शकत नाही.

सरकारी मदत आणि मोह

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात 1 लाख, दुसऱ्या टप्प्यात 2 लाखांपर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. पात्रतेच्या अटी नीट वाचा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पण कर्ज मिळतंय म्हणून 3 एचपीचा कंप्रेसर आणि टर्बाइन दोन्ही उचलू नका. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, ऑर्डर नाही.

या रविवारी करायचं काम

एक कोरा कागद घ्या. पहिल्या ओळीत तुमची फवारायची जागा लिहा, किती बाजूंनी उघडी आणि सगळ्यात जवळचा विस्तव किती फुटांवर. दुसऱ्या ओळीत एकच फिनिश निवडा. तिसरीत त्या फिनिशच्या शीटवरून नोझल आणि दाब उतरवा. चौथीत गनला लागणारा सीएफएम आणि शेजारी कंप्रेसर प्रत्यक्ष देणारा सीएफएम. दुसरा आकडा मोठा असेल तरच दुकानात जा.

गन आली की लगेच गिऱ्हाईकाच्या मालावर हात चालवू नका. प्लायवूडचे तुकडे घ्या, त्यांना तुमच्या मालासारखाच पॉलिश पेपर मारा. गन 6 ते 8 इंचांवर, लाकडाला समांतर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. वीसेक तुकडे खराब होऊ द्या. प्रत्येक तुकड्यामागे लिहा: किती पातळ केलं, दाब किती, हवा कोरडी होती की दमट. जमलेला तुकडा आणि त्यामागचे आकडे जपून ठेवा. सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक म्हणेल, "मागच्यासारखाच अजून एक चौरंग हवाय", तेव्हा तो तुकडा तुमच्या कामी येईल.